खात्री नव्वद टक्के असेल तर फावडं घरीच ठेवा

प्रश्न विचारणारे गृहस्थ कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतात. बायरन प्राइसच्या १९८२ सालच्या ‘द सीक्रेट’मधलं सॅन फ्रान्सिस्कोचं कोडं त्यांनी हातात घेतलंय आणि गोल्डन गेट पार्कमधली एक जागा जवळजवळ मुक्रर केलीय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: “पहिल्या चार ओळी चपखल बसतात. ‘शिक्षण आणि न्याय’वाली ओळ अजून लागलेली नाही, पण ती तिथे उभं राहिल्यावर लागेल. नव्वद टक्के खात्री आहे. मिसेस म्हणते, तू स्वतःच स्वतःला पटवतोयस. किती खात्री झाली म्हणजे खणायला जावं? आणि कल्पनाशक्तीला लगाम कुठे घालावा?”

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मनापासून मागितलं की मिळतं असं सांगणारं जे ‘सीक्रेट’ आहे, ते हे नव्हे. प्राइस हा न्यूयॉर्कचा, प्रकाशन व्यवसायातला माणूस. त्याने उत्तर अमेरिकेत ठिकठिकाणी बारा पेट्या पुरल्या आणि पुस्तकात बारा चित्रं व बारा कविता दिल्या. कुठलं चित्र कुठल्या कवितेचं हेही आपणच शोधायचं. भाजलेल्या मातीची छोटी पेटी, ती पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात, जमिनीखाली साधारण तीन फुटांवर. आत एक किल्ली, ती नेऊन दिली की एक रत्न मिळणार. १९८३मध्ये शिकागोची पेटी सापडली, २००४मध्ये क्लीव्हलंडची आणि २०१९मध्ये बॉस्टनची. दरम्यान २००५मध्ये प्राइस मोटार अपघातात गेला, आणि जागा काही सांगून गेला नाही. उरलेल्या नऊ पेट्या अजून जमिनीत आहेत, नाहीतर एखाद्या जेसीबीने कधीच उचलून टाकल्यात.

मी या नादाला बरीच वर्षं आहे. शिवाय आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या उन्हाळी सहलीचा ट्रेझर हंट रचायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे कोडं सोडवणारा आणि रचणारा अशा दोन्ही बाजूंनी विचार करायची सवय लागलीय. खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं या दुसऱ्या बाजूकडून आलंय.

तुमचा खरा प्रश्न टक्क्यांचा नाही. नव्वद की पंच्याण्णव हा आकडा तुम्ही मनातून काढलाय, तो मोजून आलेला नाही. खात्री कुठल्या ओळींवर उभी आहे, हे आधी पाहायला हवं. तुमच्या चार ओळींत काय आहे? दगडी भिंतीचं दार, हवेला गोड वास, आणि फार लांब नाही असे तीन उंच खांब. गोड वास म्हणजे पार्कातली गुलाबाची बाग, असं तुम्ही धरलंय. चित्रात मोती आहे, गुलाबही आहे, म्हणून ते आणखी पक्कं वाटतंय. वाईट तर्क नाही. पण त्याच पार्कात निलगिरीची झाडं आहेत, फुलांचं काचघर आहे, जपानी चहाची बाग आहे. वास सगळीकडे येतो. दगडी भिंती जागोजाग आहेत. आणि उंच खांब तर काय, तीन निवडायचे असं ठरवून निघालं की कुठेही तीन सापडतात, कारण चौथा खांब आपण हिशेबात धरतच नाही. अशा ओळी म्हणजे इलॅस्टिकची चड्डी. कुणालाही बसते, म्हणून ती कुणाची ते ठरत नाही.

याउलट क्लीव्हलंडची कविता बघा. तिच्यात सॉक्रेटिस, पिंडार आणि अपेलीस अशी तीन नावं होती. रॉकफेलर पार्कात वेगवेगळ्या देशांच्या नावाने ज्या सांस्कृतिक बागा आहेत, त्यातल्या ग्रीक बागेत ही नावं दगडात कोरलेली आहेत. तत्त्वज्ञ, कवी आणि चित्रकार अशी ही तिघं एका जागी कोरलेली दुसरीकडे कुठे मिळणार? आणि एकदा तिथे पोहोचलं की बाकीची कविता अगदी रोखठोक होते: आयताकृती वाफा, उजवीकडून डावीकडे मोजत दहावा दगड, वरून नववा थर. मी ती भिंत पाहिलीय. तिथे उभं राहून दगड मोजायला लागलं की लक्षात येतं, प्राइसने ‘छोट्या विटाही धरून’ असं मुद्दाम का लिहिलं. त्या विटा सोडून मोजलं तर थर चुकतो. मोजणाऱ्याचा घोळ होऊ नये म्हणून रचणाऱ्याने केलेली ती सोय आहे. ज्या दोघांनी ती पेटी काढली त्यांना तरीही बराच वेळ खणावं लागलं, पण कुठे खणायचं यावर वाद घालायला जागाच उरली नव्हती.

म्हणून मी एक साधं पाहतो: नवीन ओळ लागल्यावर उरलेल्या शक्यता कमी झाल्या की वाढल्या? बरोबर उत्तर दारं बंद करत जातं. चुकीच्या उत्तरात मात्र दर ओळीला ‘हेही असू शकेल, तेही असू शकेल’ चालू राहतं, आणि आपल्याला वाटतं कोडं किती श्रीमंत आहे! तुमच्या कवितेत दारं बंद करू शकेल अशी ओळ ‘शिक्षण आणि न्याय’चीच आहे. नेमकी तीच तुम्ही ‘नंतर लागेल’ म्हणून बाजूला ठेवलीत. वहिनींना बहुतेक हेच खटकलंय.

आता एक उपाय सांगतो. मी स्वतः तो दर वेळी करतो आणि दर वेळी जिवावर येतो. तुमच्या घराजवळ फ्रीमाँटच्या सेंट्रल पार्कात लेक एलिझाबेथ आहे. तिथे पेटी असण्याचं काहीही कारण नाही. एक संध्याकाळ तिथे जा आणि तुमच्या चार ओळी त्या बागेला लावून बघा. जेवढी ढिलाई गोल्डन गेट पार्कला दिलीत तेवढीच इथेही द्यायची, म्हणजे वास कसलाही चालेल, खांब दिव्याचे चालतील, भिंत कमरेएवढी चालेल. चारपैकी तीन ओळी बसल्या, तर तुमच्या नव्वद टक्क्यांतलं किती उरतं ते तुम्हीच ठरवा. आणि नाहीच बसल्या, तर उत्तम, तुमच्या जागेत खरंच काहीतरी आहे. हा प्रयोग सोपा आहे, फुकट आहे, तरी फारसं कुणी करत नाही. आपल्या उत्तरावर जीव जडलेला असतो, त्याला हाताने कोण टाचणी लावणार?

आता गाफीलपणाविषयी. आपण समजतो की गाफीलपणा चुकीच्या उत्तरातून येतो. माझा अनुभव उलटा आहे. तो येतो बरोबर पाऊल पडल्यावर. फॉरेस्ट फेन या सांता फेच्या कलाविक्रेत्याने रॉकी पर्वतात ब्रॉन्झची पेटी लपवली आणि २०१०मध्ये चोवीस ओळींची कविता छापली. त्यात नऊ क्लू आहेत असं तो म्हणायचा. पुढे त्याने सांगितलं की काही जणांनी पहिले दोन क्लू बरोबर सोडवले, पण उरलेल्या सातांना बगल देऊन ते पुढे निघून गेले. काही जण तर पेटीपासून दोनशे फुटांवर येऊन गेले होते. ही माणसं मूर्ख नव्हती. त्यांच्या हाती खरा धागा होता, पण पहिल्या दोन क्लूंच्या जोरावर त्यांनी तिसऱ्याची तपासणी सैल केली असणार.

मंडळाच्या सहलीत हे मी दरवर्षी डोळ्यांनी पाहतो. एकदा ‘पाय चार पण चालत नाही, पाठ आहे पण दुखत नाही’ असं लिहिलं होतं. उत्तर बाक, आणि पुढची चिठ्ठी बाकाच्या खालच्या बाजूला टेपने चिकटवलेली. एका गटाने उत्तर क्षणात ओळखलं, धावत बाकापाशी आले, वर काही नाही म्हणून त्याच बाकावर बसले आणि ‘पाठ’ म्हणजे पाठांतर असेल का यावर चर्चा सुरू केली. वाकून खाली बघायला कुणी तयार नव्हतं, कारण कोडं तर सुटलं होतं! त्यांच्यातल्या एका लहान मुलीची चप्पल बाकाखाली गेली नसती तर जेवणाची वेळ झाली असती.

इंग्लंडमध्ये याहून जिवाला लागणारं घडलंय. किट विल्यम्स या चित्रकाराने १९७९मध्ये चित्रांच्या पुस्तकात कोडं घालून सोन्याचा ससा पुरला होता. कोड्याची रीत अशी की चित्रातल्या प्राण्या-माणसांच्या डोळ्यापासून हाताच्या किंवा पायाच्या लांब बोटातून रेघ काढायची आणि ती चौकटीतल्या ज्या अक्षरावर जाईल ते टिपायचं. त्यातून निघालेली जागा म्हणजे बेडफर्डशरमधलं अँप्टहिल पार्क, तिथल्या कॅथरिन राणीच्या क्रूसाची सावली विषुवदिनी भर दुपारी जिथे टेकते तो बिंदू. भौतिकशास्त्राच्या दोन शिक्षकांनी हे सगळं अचूक सोडवलं. १९८२मध्ये जाऊन खणलंही. ससा मातीच्या आवरणात होता. तो त्यांनीच उपसलेल्या ढिगात गेला आणि त्यांच्या लक्षात आला नाही, असं मानलं जातं. बक्षीस दुसऱ्यालाच गेलं. त्या दुसऱ्याने कोडं सोडवलंच नव्हतं, चित्रकाराच्या एका जुन्या मैत्रिणीकडून आलेल्या माहितीवर तो तिथे पोहोचला होता, हे १९८८मध्ये एका वर्तमानपत्राने बाहेर काढलं. ते वेगळं रामायण. आपल्या कामाचं एवढंच की सगळं बरोबर करूनही उपसलेली माती हाताने चाळायची राहून जाते.

कल्पनाशक्तीबद्दल तुम्ही लगामाची भाषा केलीत. मला विचाराल तर लगाम नको, तिची बदली करा. बहुतेक जण तिला शब्दांवर कामाला लावतात. अक्षरं उलटी वाचतात, शब्दाचे चार अर्थ काढतात, मग त्या अर्थांचे अर्थ. यातून काहीही निघू शकतं आणि निघतंच. मी तिला रचणाऱ्या माणसावर कामाला लावतो. कोडं रचताना माझ्या मनात सर्वांत मोठी भीती काय असते सांगू? कुणालाच सुटलं नाही तर! सोडवणाऱ्याला वाटतं की रचणारा त्याला चकवायला बसलाय. रचणाऱ्याला मात्र स्वतःचं कोडं नको इतकं सोपं झाल्यासारखं वाटत असतं, कारण उत्तर त्याला माहीत असतं. म्हणून सात पदरी उत्तर दिसलं की मी आधी स्वतःला विचारतो, हे रचायला माणूस किती दिवस बसला असता, आणि त्याच्याकडे तेवढे दिवस होते का?

आता प्राइसची ती दुपार डोळ्यांसमोर आणा. न्यूयॉर्कहून आलेला माणूस, शहर त्याच्या रोजच्या वावरातलं नाही. हातात पेटी आणि फावडं. जीपीएस नाही, म्हणजे जागा नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरूनच बांधायची. तीन फूट खड्डा म्हणजे पाच मिनिटांचं काम नाही, घाम निघतो, आणि एवढा वेळ कुणी हटकू नये अशी जागा हवी. भर वाटेवर तो खणणार नाही. कातळावर खणणार नाही. जाड मुळांच्या जाळ्यात खणणार नाही. गाडी लावून फार लांब चालणार नाही. जी खूण पुढच्या वर्षी पुसली जाईल तिच्यावर तो कविता बांधणार नाही. तुमच्या जागेला हे प्रश्न विचारा. शब्दांचा खेळ करून जे हाती येत नाही ते बऱ्याचदा या दुपारीत सापडतं.

फेनच्या बाबतीत हा फरक स्पष्ट दिसला. ऐंशीच्या आसपासच्या वयात, एका दुपारी, गाडीपासून दोन खेपा करून आपण ती पेटी ठेवली, असं तो स्वतः सांगत होता. पेटी आणि आतला ऐवज मिळून वजन ४२ पौंड. एवढं ऐकल्यावरही लोक कड्यांवर चढले, उसळत्या नद्यांत उतरले. किमान पाच जणांचा जीव गेला. एक जण यलोस्टोनमध्ये दरीत दोर टाकून उतरला आणि त्याला सोडवायला बचाव पथक पाठवावं लागलं. आणखी एकाने तिथल्या जुन्या दफनभूमीत खड्डे खणले. पेटी दफनभूमीत नाही असं फेन सांगून चुकला होता, तरीही! त्या माणसाला तुरुंगवास झाला. कल्पनाशक्ती कमी पडली असं यांच्यातल्या कुणाबद्दलच म्हणता येणार नाही. समोर स्वच्छ सांगितलेली गोष्ट मात्र त्यांना आपल्या कल्पनेपुढे फिकी वाटली. शेवटी २०२०च्या जूनमध्ये वायोमिंगमध्ये पेटी सापडली ती एका वैद्यकीय विद्यार्थ्याला. त्याने नंतर सांगितलं की आपला भर फेन हा माणूस समजून घेण्यावर होता. कर्करोग झाल्यावर फेनने शेवटचा श्वास घ्यायला जी जागा मनात धरली होती तीच ही जागा, मग असा माणूस कुठे जाऊन आडवा होईल? कवितेपेक्षा हा प्रश्न जास्त कामी आला.

इथे थोडं थांबून एक कबूल करायला हवं: कुठल्या खात्रीला निघावं याचं एकच उत्तर नाही. रचणारा जिवंत असेल आणि अधूनमधून बोलत असेल, तर त्याचं प्रत्येक वाक्य म्हणजे मोफत तपासणी. तुमच्याकडे ती सोय नाही. दुसरं, अंतर. पुण्याहून विमानाने जाणाऱ्याने साठ टक्क्यांवर तिकीट काढू नये. तुम्ही तासाभराच्या अंतरावर आहात, तुम्ही चाळीस टक्क्यांवरही जा, दर शनिवारी जा. बघायला जाणं आणि खणायला जाणं यात मात्र गल्लत नको. बघून चुकलात तर पेट्रोल जातं. खणून चुकलात तर सार्वजनिक बागेत खड्डा राहतो, पाण्याची पाइपलाइन फुटू शकते आणि दंड होतो तो वेगळा. गुप्तधनाच्या नादात आपल्याकडे गडांवर काय काय उकरून ठेवलंय ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना यावर जास्त सांगायला नको.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात मला खटकली. तुम्ही खांब आणि भिंत गूगलच्या रस्ताचित्रांत बघून जुळवलेत. ती चित्रं आजची आहेत, कविता १९८२ची. मधल्या काळात १९८९चा मोठा भूकंप झाला. १९९५च्या वादळात काचघराची नासधूस झाली आणि ते २००३मध्ये पुन्हा उघडलं. डी यंग संग्रहालय पाडून नव्याने बांधलं, ते २००५मध्ये सुरू झालं. समोरची विज्ञान अकादमीही नवी, २००८ची. म्हणजे या दोन इमारतींमधल्या संगीताच्या चौकाभोवती तुम्ही आज जे बघता त्यातलं बरंच प्राइसने पाहिलेलंच नाही, आणि त्याने जे पाहिलं त्यातलं काही आज उभं नाही. सॅन फ्रान्सिस्को सार्वजनिक वाचनालयात शहराच्या इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे, जुन्या फोटोंचा मोठा साठा आहे. १९८०च्या आसपासचे पार्कचे फोटो काढून बसा. ‘शिक्षण आणि न्याय’ अशी अक्षरं, पुतळे किंवा इमारत तेव्हा कुठून दिसत होती का, एवढंच शोधा. यात तुमचे दोन-तीन रविवार जातील आणि ते सत्कारणी लागतील.

आणि जाण्याआधी एक कागद लिहून वहिनींच्या हाती द्या. त्यावर तिथे मला काय दिसायला हवं ते लिहा, आणि त्याखाली काय दिसलं नाही तर ही जागा मी सोडून देईन तेही लिहा. दुसरा भाग महत्त्वाचा. घरी बसून लिहिलेली अट तिथे गेल्यावर बदलायचा मोह होतोच: खांब तीनऐवजी दोन निघाले की ‘तिसरा पडला असेल’ असं तोंडून सहज निघून जातं. कागद दुसऱ्याच्या हातात असला की ते वाक्य मोठ्याने म्हणावं लागतं आणि म्हणताना आपल्यालाच हसू येतं. तिसरा खांब खरंच पडला असेलही, पण मग त्याचा जुना फोटो दाखवायची जबाबदारी तुमची.

समजा हे सगळं पार पडलं, ती अवघड ओळ लागली आणि जागा एका वाफ्याएवढी आक्रसली. मगच पार्क खात्याकडे अर्ज करा. नकार येण्याची शक्यता भरपूर आहे, कारण तुमच्यासारखे अर्ज घेऊन जाणारे आधी बरेच होऊन गेलेत. अर्जात खात्रीचे टक्के लिहू नका. नेमकी जागा, किती फूट लांब, किती फूट रुंद, किती खोल, खड्डा कोण आणि कसा बुजवणार, एवढंच. बॉस्टनची पेटी निघाली तेव्हा लँगोन पार्कचं नूतनीकरण चालू होतं, यंत्रं तिथे आधीच माती उपसत होती. ज्यांनी ती जागा काढली होती त्यांनी कामावरच्या माणसांना आधीच सांगून ठेवलं होतं की अशी वस्तू निघाली तर लक्ष ठेवा. तुमच्या वाफ्याच्या आसपास पाइपलाइनचं किंवा रस्त्याचं काम निघणार आहे का, याची चौकशी अर्जासोबतच करून ठेवा.

या शनिवारी जाताय म्हणता, तर जरूर जा. वही, मोजपट्टी आणि पाण्याची बाटली घ्या. गुलाबांच्या बागेत उभं राहून आधी डोळे मिटून वास घ्या, मग तिथून शंभर पावलं कुठल्याही दिशेला चालून पुन्हा घ्या. फरक पडतो का, ते इथे कळवा.